धनुबाईचा तिरपा घोडा

धनुबाईचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. चूल साडेचारला पेटते. मधला अर्धा तास ती लिहिते. आधी चूल पेटवली तर भाकरी होतात आणि लिहिणं राहून जातं, हे तिनं करून पाहिलेलं आहे. म्हणून आधी लिहिणं, मग भाकरी, मग पथारी.

पथारी म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागेल. पावसाळा सरला की नंदुरबारच्या भोवतालची मोकळी रानं लाल होतात. ओली मिरची जमिनीवर पसरून वाळवतात, त्या जागेला आम्ही पथारी म्हणतो. मिरची वाळली की बाया ओळीनं ढिगाशी बसतात, देठ खुडतात, टोपली भरतात आणि काट्यावर नेतात. मजुरी वजनावर. बसल्या जागी होणारं काम आहे म्हणून कोणी त्याला हलकं म्हणू नये. मी, भिकन, याच मिरचीच्या बाजारात हमाली करून म्हातारा झालो. पोतं पाठीवर घेणं सोपं, कारण ते खाली टाकता येतं. देठ खुडणाऱ्या बाईचा ढीग संपत नाही.

आता माझी हमाली संपली आहे. पथारीच्या फाटकाशी नवनीतची चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर मी दिवस काढतो. धनुबाईचं घर माझ्याच गल्लीत. ती मला दादा म्हणते.

तिचं माहेर वर, तोरणमाळच्या अंगाला. लग्न होऊन खाली आली तेव्हा सपाट जमिनीवर तिला गरगरायचं, असं ती सांगते. डोंगरात पाय कुठे टाकायचा ते जमीनच सांगते, इथे जमीन काही बोलतच नाही. आश्रमशाळेत पाचवीपर्यंत शिकली. नंतर पुस्तक हातात आलं नाही, पण वाचणं सोडलं नाही. भज्यांचा कागद, औषधाची पुडी, एस.टी.च्या पाठीवरची जाहिरात, जे समोर येईल ते ती वाचायची. अर्धं फाटलेलं असेल तर उरलेलं मनानं जुळवायची. गोष्टी रचायची सवय तिला तिथून लागली असावी.

पथारीवर बायांबरोबर लहान पोरं येतात. बारदानाच्या सावलीत ताडपत्रीवर त्यांना बसवतात. एखाद्यानं मिरचीला हात लावून डोळा चोळला की तो रडतो, मग सगळीच रडतात. त्यांना गप्प बसवायचं काम बायांनी धनुबाईवर टाकलं, कारण तिचा आवाज मोठा. तिनं गोष्ट सुरू केली. हात मिरचीत, तोंड गोष्टीत. टोपली भरली की ती उठून काट्यावर जायची आणि गोष्ट तिथेच थांबायची. माणूस विहिरीत दोराला लटकलेला, आणि धनुबाई वजनाच्या रांगेत. पोरं श्वास धरून बसायची. पोरंच कशाला, ओळीतल्या बायाही. ती परत येऊन पहिला देठ खुडेपर्यंत त्या माणसाला वर काढायची कोणाला परवानगी नव्हती.

मुकादम हेमकांतला हे आधी पसंत नव्हतं. मग त्याच्या लक्षात आलं की गोष्टीत पळापळ असली की बायांचे हात पळतात, आणि गोष्ट रडकी झाली की सगळी ओळ मंदावते. त्यानं धनुबाईला सांगून ठेवलं, “दुपारलोंग मारामारीनी गोट सांगत जाय. रडानी गोट जेवणनंतर.” धनुबाईनं त्याला विचारलं की वाघाचं पिल्लू हरवतं ते मारामारीत बसवू का रडण्यात. हेमकांतनं थोडा विचार केला आणि सापडणार असेल तर सकाळी चालेल, म्हणाला.

या गोष्टींतली पोरांची आवडती होती तिरप्या घोड्याची. ती थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

तोरणमाळच्या वर एक म्हातारा राहतो. त्याचा एक घोडा आहे. घोडा जन्मल्यापासून डोंगराच्या उतारावर चरलेला, त्यामुळे एका अंगाला कलून उभा राहायची त्याला सवय. म्हातारा त्याला विकायला सारंगखेड्याच्या जत्रेत आणतो. घोडा पहिल्यांदाच सपाट जमीन बघतो आणि तिथेही तिरपाच चालतो. जत्रेतले पांढरेशुभ्र, नाचणारे घोडे त्याच्याकडे बघून दात काढतात. तिरपा चालता चालता तो जिलेबीवाल्याच्या दुकानात शिरतो आणि परात चाटूनपुसून साफ करतो. त्याला ओढायला गेलेला म्हातारा, जिलेबीवाला आणि मधे पडलेला पोलीस, तिघंही एकामागून एक चिखलात बसतात. शेवटी एक व्यापारी घोडा विकत घेतो. म्हातारा एकटाच घाट चढून घरी जातो. घोडा नेहमी त्याच्या डाव्या हाताला टेकून चालायचा. आता डावीकडे कोणी नाही, तरी म्हातारा डावीकडे कलूनच चालतो. एवढीच गोष्ट.

मोठी पोरं सकाळी शाळेत जातात, शाळा सुटली की पथारीवर येतात. वस्तीला लागूनच शाळा आहे. तिथे ममता मॅडम म्हणून शहाद्याकडच्या एक तरुण बाई बदलून आल्या. त्यांनी येताच पुस्तकांचं कपाट उघडलं. आधी ते कुलूप लावून ठेवत, कारण पुस्तक फाटलं तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न होता. मॅडमनी दोरी बांधून पुस्तकं वर्गात लटकवली. पोरांनी चित्रं पाहिली आणि पुस्तकं होती तशी दोरीवर ठेवून दिली. त्या पुस्तकांतली माणसं फारच नीटनेटकी बोलत. घरी भिलोरी, गल्लीत अहिराणी बोलणाऱ्या पोरांना ती पाहुण्यांसारखी वाटत, आणि पाहुण्यांसमोर पोरं गप्प असतात.

पण मधल्या सुट्टीत हीच पोरं एकमेकांना तिरप्या घोड्याची गोष्ट सांगत, अंग कलवून व्हरांडाभर चालत. मॅडमनी विचारलं, ही कुठल्या पुस्तकातली? पोरं म्हणाली, पथारीवरच्या आजीची.

मॅडम त्याच दिवशी पथारीवर आल्या. फाटकातून आत येईपर्यंत त्यांचे डोळे भरले, धनुबाईपर्यंत पोहोचेपर्यंत नाक वाहू लागलं. रुमालातूनच त्यांनी सांगितलं की ही गोष्ट लिहून द्या, मी वर्गात वाचायला ठेवते.

धनुबाई हसली. टोपली भरेपर्यंत हसतच होती.

मॅडम बसून राहिल्या. म्हणाल्या, “मावशी, पोरांना त्यांचं पुस्तक पाहिजे. माझ्याकडे नाही. तुमच्याकडे आहे.”

यावर धनुबाई हसायची थांबली.

मॅडमनी जुन्या परीक्षांचे एका बाजूनं कोरे कागद आणून दिले. मी पेन दिलं. आणि मग धनुबाईचे चार ते साडेचार सुरू झाले.

लिहिणं हे काम आहे की नाही, याबद्दल माझं मत आधी पक्कं नव्हतं. तिला लिहिताना पाहिलं आणि झालं. सांगताना हात चालतो आणि तोंड धावतं. लिहिताना तोंड बंद, आणि हात अडतो. ‘घोडा तिरपा चालायचा’ हे सांगताना ती नुसती अंग कलवायची आणि पोरांना कळायचं. कागद कलवून काय उपयोग? त्या एका जागी ती कितीतरी पहाटा अडली. मग उठून घरातच तिरपी चालायला लागली. पाय कुठे पडतो, खांदा कुठे जातो, भिंत जवळ आली की काय वाटतं, ते बघायची आणि बसून लिहायची. तिच्या सुनेनं माझ्याकडे तक्रार केली की सासू पहाटे उठून लंगडते, डॉक्टरला दाखवावं का. मी म्हटलं, घोडा जमला की बरी होईल.

घोडा जमला. मग तिनं पोलिसाला चिखलात पाडायचं काम घेतलं. ते आणखी अवघड निघालं. तिसरा माणूस पडतो तेव्हाच हसू यायला पाहिजे, पहिल्याच्या वेळी नको, असं तिचं म्हणणं होतं. पहाटे लिहिलेलं ती तोंडाला बांधायच्या फडक्यात गुंडाळून पथारीवर न्यायची. दुपारच्या सुट्टीत भाकरी संपली की पोत्याला टेकून वाचायची, खोडायची, पुन्हा लिहायची. जे खोडलं ते का खोडलं, हे मला सांगायची. मी फार बोलत नसे. काम करणाऱ्याला मधे टोकू नये.

गोष्ट पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा मी वाचली. चांगली वाटली. चिखलाच्या जागी मी हसलो. कागदांत मला दुसरं काहीही जाणवलं नाही, आणि तिलाही नाही. ते कसं जाणवणार होतं?

कागद शाळेत गेले. मॅडमची पद्धत अशी की एकानं वाचायचं नाही, पान हातोहात फिरवायचं, प्रत्येक पोरानं चार ओळी वाचायच्या. पहिलं पान अर्ध्या वर्गातून फिरेपर्यंत पोरांनी नाकं ओढायला सुरुवात केली. दुसऱ्या पानाला डोळे पुसू लागली. शेवटच्या पानापर्यंत सगळा वर्ग रडत होता, मॅडमही रडत होत्या. दुसऱ्या दिवशी वरच्या वर्गाला दिली, तोही रडला. मॅडमनी पथारीवर निरोप धाडला की एवढ्या वर्षांत पोरं गोष्टीला अशी रडलेली मी पाहिली नाहीत.

मग केंद्रप्रमुख आले. शाळा तपासायला आले होते. मॅडमनी त्यांच्या हातात गोष्ट ठेवली. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचायला घेतली आणि खुर्चीत बसून संपवली. चष्मा काढला, रुमाल काढला. म्हणाले, ही शाळेनं छापली पाहिजे, आणि स्नेहसंमेलनात या बाईंचा सत्कार झाला पाहिजे.

बातमी पथारीवर आली. बायांनी धनुबाईला छेडून हैराण केलं. आता ही मिरची कशाला खुडेल, आता मिरचीच हिच्यासमोर येऊन देठ काढून ठेवेल. हेमकांतनं ऑफिसातली प्लास्टिकची खुर्ची आणून तिच्या जागी ठेवली, लेखिकेनं जमिनीवर बसू नये म्हणून. खुर्चीवरून ढिगापर्यंत हात पोहोचेना. संध्याकाळी खुर्ची ऑफिसात परत गेली.

धनुबाई वरून काही दाखवत नव्हती, पण मला दिसत होतं. चालताना मान वेगळी होती. आपण लिहिलेलं दुसऱ्याच्या आत जातं आणि त्याला हलवतं, हे तिला पहिल्यांदा समजलं होतं. त्याहून मोठं तिला काही नको होतं. फक्त एकदा ते आपल्या डोळ्यांनी बघावं म्हणून तिनं अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि मॅडमला न सांगता वर्गाच्या खिडकीखाली जाऊन बसली.

तासाभरात परत आली. नवनीतच्या बाकावर माझ्या शेजारी बसली. चहा घेतला नाही.

“दादा,” ती म्हणाली, “घोडा जिलेबी खास, तठे पोरं रडी ऱ्हायनात.”

मी म्हटलं, रडत असतील. लहान पोरं, जिलेबी आपल्याला मिळाली नाही म्हणून रडत असतील.

“पोलीस चिखलमा पडस, तठे बी रडी ऱ्हायनात. तठे ते हसाले पायजे.”

त्या जागेसाठी तिनं किती पहाटा घातल्या होत्या ते मला माहीत होतं. ती बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत बसली. मग फडक्यातून गोष्टीचं एक जुनं, खोडलेलं पान काढलं, उठली आणि चहा गाळत असलेल्या नवनीतच्या नाकाखाली धरलं.

नवनीत तापीकाठच्या प्रकाशा गावाकडचा. टपरी टाकून त्याला एकच हंगाम झाला होता, नाक अजून जिवंत होतं. तो असा शिंकला की गाळणी एकीकडे आणि चहा दुसरीकडे गेला. डोळ्यांतून धारा लागल्या. विचारू लागला की मी काय वाईट केलं होतं.

धनुबाईनं कागदाची घडी घातली. मला म्हणाली, “हाई रडनं गोटनं शे का मिरचीनं?”

आमचं ते असं होतं. मिरची आमच्या अंगात इतकी मुरलेली की ती आम्हाला ओळखूच येत नाही. जेवताना, डोळा खाजवताना, कुठेच नाही. मिरचीच्या हातांनी तिनं लिहिलं, मिरचीच्या फडक्यात ठेवलं, मिरचीच्या पोत्याला टेकून खोडलं, आणि मेलेल्या नाकाच्या माणसाला वाचायला दिलं. गोष्टीचं प्रत्येक पान म्हणजे चिमूटभर तिखट होतं. पोरांनी ते हातांनी धरलं आणि डोळे चोळले. पथारीवर आईजवळ बसून ती जे करतात, तेच त्यांनी वर्गात केलं.

संमेलन महिन्यावर आलं होतं. संध्याकाळी पथारीवर यावर मोठी चर्चा झाली. बायांचं मत पडलं की गप्प राहावं. शाल मिळते आहे, थंडीचे दिवस आहेत. हेमकांतचं मत होतं की छापतानाच शाईत थोडी मिरची घालावी, म्हणजे गोष्ट उतरणार नाही. धनुबाईनं माझ्याकडे पाहिलं.

मी तिला बाजारातली गोष्ट सांगितली, जी तिलाही माहीत होती. काही लोक पोत्यावर पाणी मारून आणतात. ओलं पोतं काट्यावर जास्त भरतं. व्यापारी फसतो, पण पोतं ज्याच्या पाठीवर असतं त्याला ते कळलेलं असतं. एवढंच बोललो.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाऊन मॅडमना सगळं सांगून आली. मॅडम आधी ऐकत राहिल्या, मग इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्यांनी गोष्टीच्या पानावरचाच हात डोळ्याला लावला आणि मग पुढचं बोलणं मोरीपाशी झालं. म्हणाल्या, मीच दुसऱ्या कागदावर उतरवून घेते. धनुबाईनं नाही म्हटलं. दुसऱ्यानं खुडलेली टोपली माझ्या नावावर चढवू नका, म्हणाली. शिवाय पुन्हा लिहिताना काही जागा सुधारायच्या होत्या.

केंद्रप्रमुखांना मॅडमनी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, इतरांचं माहीत नाही, मी गोष्टीनंच रडलो.

प्रश्न आता धनुबाईच्या हातांचा होता. तिनं पथारीवरचं काम बंद केलं, हंगाम ऐन भरात असताना. तेल लावलं, ताक लावलं, राखेनं घासलं, बेसन लावून पाहिलं. स्वच्छ झाले का हे ठरवायला आमच्यापैकी कोणी उपयोगाचं नव्हतं. म्हणून रोज सकाळी ती टपरीवर यायची, नवा कोरा कागद दोन्ही हातांनी चुरगाळायची आणि नवनीतसमोर धरायची. नवनीत बिचारा आधी लांबून वास घ्यायचा, मग जवळून, मग डोळ्यापाशी नेऊन. पहिले काही दिवस शिंकून म्हणायचा, “धनुबाई, आजूक शे.” गिऱ्हाइकं चहा सोडून हा कार्यक्रम बघायला थांबू लागली. शेवटी एका सकाळी त्यानं कागद डोळ्यावर चोळला आणि डोळे उघडे ठेवून उभा राहिला. सगळी टपरी त्याच्याकडे बघत होती. त्यानं मान हलवली.

त्या दिवशी धनुबाई घरी जाऊन जी बसली ती गोष्ट पूर्ण उतरवूनच उठली. सुनेनं स्वयंपाक केला, फोडणीत मिरची न घालता. ते जेवण कोणी संपवू शकलं नाही.

नवे कागद वर्गात गेले तेव्हा मीही तिच्याबरोबर खिडकीखाली बसलो. आत वाचन सुरू झालं. कोणी नाक ओढत नव्हतं. धनुबाईनं पदर मुठीत धरला होता. घोडा डोंगर उतरला, सपाटीवर तिरपा चालला, एक पोरगं खुदकन हसलं. घोडा जिलेबीच्या दुकानात शिरला. म्हातारा चिखलात पडला, थोडं हसू. जिलेबीवाला पडला, आणखी थोडं. मग पोलीस पडला आणि वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले. वाचणाऱ्या पोराला पुढची ओळ वाचता येईना.

धनुबाईनं मूठ सोडली. तिसऱ्यालाच हसले, एवढंच म्हणाली.

पण गोष्ट अजून बाकी होती. व्यापाऱ्यानं घोडा नेला. म्हातारा घाट चढू लागला. डावीकडे कोणी नाही आणि तो डावीकडे कललेला. शेवटचं वाक्य झालं. आत सगळं शांत. कोणी रडलं नाही. धनुबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी समोरच्या हापशाकडे बघत बसलो.

मग आतून एका मुलीचा आवाज आला. रिना, चौथीतली.

“मॅडम, घोडा घर गया का?”

मॅडम म्हणाल्या, गोष्ट इथपर्यंतच आहे.

वर्गाला ते मान्य नव्हतं. एक जण म्हणाला, घोडा दावं तोडणार. दुसरा म्हणाला, तोडून उपयोग नाही, तो तिरपा चालतो, म्हणजे गोल गोल फिरून पुन्हा जत्रेतच येणार. यावर सगळे अडकले, कारण ते खरं होतं. रिना म्हणाली, व्यापाऱ्याचा दुसरा घोडा त्याच्या दुसऱ्या बाजूनं तिरपा करून दोघांना एकत्र बांधायचं, म्हणजे सरळ जातील. कोणी म्हणालं, एस.टी.नं पाठवा. मग कंडक्टर घोड्याला अर्धं तिकीट देईल का पूर्ण, यावर दोन गट पडले. मॅडमनी त्यांना गप्प केलं नाही. ज्याला जे वाटतं ते लिहून द्या, म्हणून कागद वाटले. फळ्यावरचं उतरवण्यापलीकडे ज्यांनी कधी पेन्सिल चालवली नव्हती ती पोरं वाकून बसली. कोणी अहिराणीत लिहिलं, कोणी भिलोरीत, एकानं नुसता घोडाच काढला, आणि कागद तिरपा धरला तरच तो सरळ दिसत होता.

ते सगळे कागद मॅडमनी धनुबाईला दिले. तिनं ते आपल्या पहाटेच्या अर्ध्या तासात वाचले. सून पुन्हा माझ्याकडे आली की सासू आता पहाटे एकटीच हसते. धनुबाई मला म्हणाली की म्हातारा एकटा घरी पोहोचतो तिथे मी दार लावून घेतलं होतं, पोरं बाहेर उभी राहिली. मग तिनं गोष्टीतलं शेवटचं वाक्य खोडलं. म्हातारा अजून घाटात आहे, तो मागे वळून बघतो, आणि खालून काहीतरी येताना दिसतं. इतकंच ठेवलं. जे खोडलं ते तिच्या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत सुंदर वाक्य होतं, असं मला आजही वाटतं. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, म्हणूनच जड गेलं.

स्नेहसंमेलन झालं. शाल मिळाली. केंद्रप्रमुखांनी व्यासपीठावरून नव्या कागदांवरची गोष्ट वाचून दाखवली, आणि सवयीनं चिखलाच्या जागीच रुमाल काढला. सगळी पोरं हसत होती. त्यांनी रुमालानं घाम पुसला आणि पुढे वाचलं.

छपाईची वेळ आली तेव्हा धनुबाईनं एक अट घातली. गोष्ट संपल्यावर पुस्तकात कोरी पानं पाहिजेत, जेवढी गोष्टीची आहेत तेवढी. छापखान्यातल्या माणसाला ती चूक वाटली. त्यानं विचारलं की या पानांवर काय छापायचं. काही नाही. मग कागद कशाला? कोऱ्या पानालाही तोच खर्च येतो, बाई. शाळेच्या समितीनंही हात वर केले. गोष्ट छापायला त्यांची हरकत नव्हती, पण जिथे काहीच नाही त्याला पैसे कसे मंजूर करायचे, हे त्यांना कळेना. एक सदस्य म्हणाले, पोरांनी समासात लिहावं. धनुबाई म्हणाली, घोडा समासात मावत नाही.

ती पुन्हा पथारीवर जाऊन बसली. हात पुन्हा लाल झाले. हंगाम संपेपर्यंत बसली, उन्हाळा लागून मिरची संपत आली आणि बाया कमी झाल्या तरी शेवटच्या ढिगापर्यंत बसली. पोरांना रोज गोष्ट होतीच, टोपलीएवढी. दर हंगामाची मजुरी ती बाजूला टाकत आली होती, चांदीच्या कड्यांसाठी. तिच्या आईच्या पायांत होती तशी तिला करायची होती, नंदुरबारच्या सोनाराकडे नक्षीही ठरवून ठेवली होती. सोनारानं त्या वर्षी तिची वाट पाहिली.

पुस्तकं आली तेव्हा गठ्ठा टपरीवरच उतरला. वस्तीतली पोरं जमली. प्रत्येकानं पुस्तक हातात घेतलं, आधी नाकाशी नेऊन वास घेतला, आणि मगच उघडलं. धनुबाई लांब उभी होती. हात मिरचीचे होते, म्हणून तिनं स्वतःचं पुस्तक हातात घेतलं नाही. नवनीतनं एकेक पान उलटून तिला दाखवलं. पुढची पानं तिनं पहाटे मेहनतीनं लिहिलेली आहेत. मागची पानं तिच्या मजुरीची आहेत, आणि ती कोरी आहेत.

म्हणजे होती. रिनाच्या पुस्तकात आता एकच उरलं आहे.